शेवटच्या खुरपणीचा हंडा

ते साल एकोणीसशे अठ्ठावन्न. त्या वर्षी बदाम लवकर फुलले, गव्हात तण मातलं आणि फिगेइरा इस्टेटीवर बायकांची खुरपणी शेवटची झाली. शेवटची आहे हे तेव्हा आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी पंधरा वर्षांची होते, माझी बहीण इदालिना अठराची. वडील सादो नदीकाठच्या भातखाचरांत कामाला गेले होते, ते तिथल्या हिवतापानं परत आलेच नाहीत. घरात आम्ही तिघी. आमची आई जेर्त्रुदेस अंगानं बारीक, बोलायला कमी, आणि एकदा मनात घेतलं की खेचरासारखी हट्टी. तिनं मनात घेतलं होतं की दोन मुलींपैकी एकीच्या तरी हातात खुरपं राहणार नाही.

लिस्बनच्या दक्षिणेकडच्या आमच्या आलेंतेजूत मजुरांची पोरं दुधाचे दात पडायला लागले की शाळेत जायची आणि नवे दात येईपर्यंत शाळा सुटायची. नाव गिरवता आलं की पुरे. मीही दुसरीतूनच निघाले. दोघींना शाळेत ठेवण्याइतका पाव घरात नव्हता, आणि इदालिनाचं डोकं चांगलं आहे असं शाळेच्या दोना ओलिंपिया बाईंनी आईला सांगितलं होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला रान आवडायचं.

आज इतक्या वर्षांनीही फेब्रुवारीची सकाळ झाली की माझं मन त्या गव्हातच जातं. बायका घागऱ्याचा काचा मारून, डोक्याला रुमाल आणि त्यावर पुरुषाची जुनी हॅट घालून रांगेत उभ्या राहायच्या. गव्हाच्या पातीवर हिव पडलेलं असायचं, बोटं बधिर व्हायची. मग काएताना मावशी सूर लावायची. गावातल्या साऱ्या बायकांत तिचाच आवाज मोठा. तिनं एक ओळ म्हणायची आणि आम्ही सगळ्यांनी ती उचलून धरायची. अशी गात गात रांग शेताच्या दुसऱ्या टोकाला जायची. गाण्यानं पोट भरत नाही हे खरं, पण भूक लागल्याचं कळत नाही, हेही खरं.

आणि तण म्हणजे नुसतं तण नव्हतं. रानचुका, रानमुळा, काटेभाजीची कोवळी देठं; उपटता उपटता जे खाण्याजोगं असेल ते बाई ओच्यात टाकायची आणि संध्याकाळी ओचा भरून घरी न्यायची. लसणाच्या फोडणीत तो पाला आणि मूठभर घेवडा घातला की पावाबरोबर जेवण व्हायचं. गहू मालकाचा, तण उपटणारीचं. आमच्या आज्यांच्या आज्यांपासून चालत आलेलं. आदल्या वर्षी मालकानं ते बंद करायचं बघितलं होतं, भाजी खुडताना गहू तुडवला जातो म्हणून. बायकांनी ऐकलं नाही. काएताना मावशी भर शेतात ओचा पसरून उभी राहिली आणि म्हणाली, "घ्या की काढून, मुकादम. हात घालून घ्या." मुकादमानं हात घातला नाही.

इदालिना चौथी पास झाली तेव्हा मजुरांच्या आळीतली ती पहिलीच. परीक्षेला तालुक्याला जायचं तर पायात बूट हवेत. आईनं चर्चची घंटा वाजवणाऱ्याच्या मुलीचे बूट उसने आणले आणि पुढे चिंध्या कोंबून इदालिनाच्या पायात घातले. पास झाल्याचा कागद आईनं चौकटीत घालून देवमातेच्या तसबिरीशेजारी लावला. आणि पुढे? पुढे काही नाही. गावात अक्षरांचं काम होतं कुठे? दुकानात दुकानदाराचा मुलगा होता, टपालात पाद्रीबाबांचा भाचा. इदालिना सहा वर्षं आमच्याच रांगेत तण उपटत होती.

"चौथीवालीनं उपटलेलं तण पुन्हा उगवत नाही म्हणे," एखादी म्हणायची.

"उगवतं ग, पण आधी सही करतं," दुसरी.

इदालिना हसायची. आई हसायची नाही.

त्या वर्षी जानेवारीअखेरच्या एका रविवारी आम्ही नेहमीसारखे चौकात उभे होतो. हंगामाची माणसं तिथेच निवडली जायची. मुकादम आनाक्लेतो हॅट मागे सारून आला आणि म्हणाला, "तुमच्यात वाचता कुणाला येतं?"

"वाचून काय करायचंय, मुकादम?" काएताना मावशी म्हणाली. "तणाला नोटीस देणार का?"

सगळे हसले. मुकादमही हसला. माणूस वाईट नव्हता तो, पण मालकाच्या घरचा पाव खायचा.

"मालकांनी औषध आणलंय. पिवळी पूड. पाण्यात कालवून गव्हावर मारली की तण जळतं, गहू राहतो. डब्यावर लिहिलंय तसं कालवायचं आहे. बेजा शहराहून शिकलेला माणूस आणला तर त्याला गादी लागेल आणि रोज मटण. तुमच्यातलंच कुणी असलं तर बरं."

"माझी इदालिना चौथी पास आहे," आई म्हणाली. ते वाक्य तिनं सहा वर्षं तोंडात धरून ठेवल्यासारखं बाहेर आलं.

त्या संध्याकाळी आईनं कोंबडीची सगळी अंडी पावाच्या कढणात फोडली. इदालिनाला मजुरी जास्त मिळणार होती, वाकून काम नव्हतं, आणि पुढे सगळं नीट झालं तर इस्टेटीच्या कोठारात तिला कायमचं ठेवतील असं मुकादम म्हणाला होता. आई तिचे हात हातात घेऊन उलटेसुलटे बघत होती. "सुटले ग हे," एवढंच म्हणाली. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

वारा नसताना, पहाटे फवारायचं म्हणून इदालिना इस्टेटीवरच राहू लागली, स्वयंपाकीणबाईंच्या खोलीत. विहिरीपाशी पिंपात ती पूड कालवायची आणि गडी पाठीवर पंप बांधून गव्हात शिरायचे. आम्ही बायका मागून, फवारा ज्याला मारू शकला नाही ते जाड काटे उपटायला. ओलं पीक घागऱ्याला घासायचं. घागऱ्याचे काठ पिवळे झाले, मग पिंढऱ्या.

पहिल्या रविवारी इदालिना घरी आली तेव्हा आम्ही कारंज्यावर पाणी भरत होतो. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. कपाळावरचे केससुद्धा.

"अगबाई, सोन्याची बाहुली आली!" कुणीतरी ओरडलं.

"जेर्त्रुदेस, दिव्याचं तेल वाचलं तुझं. पोरगीच उजेड देईल."

इदालिनानं माझ्या हातातला घडा घेऊन खाली ठेवला. "मावशी, ऐका जरा. फवारलेल्या शेतातली भाजी खुडू नका. विष आहे ते."

"तणाला विष."

"माणसालाही. डब्यावर लिहिलंय. जनावरंसुद्धा सोडू नका असं लिहिलंय. अंगाला लागू देऊ नका, ऊन चढल्यावर शेतात जाऊ नका."

"मग तू कशी ग जिवंत?" काएताना मावशीनं विचारलं.

"मला हातमोजे दिलेत," इदालिना म्हणाली, आणि सगळ्या बायकांनी तिच्या हातांकडे पाहिलं. एकच जोड होता तो, आणि त्याची बोटं पहिल्याच आठवड्यात फाटली होती.

"गेल्या वर्षी मालकानं मुकादमाच्या तोंडून सांगितलं, भाजी खुडू नका," काएताना मावशी सावकाश म्हणाली. "या वर्षी तुझ्या तोंडून सांगतोय. मालकाला तोंडं कमी पडायला लागली का पोरी?"

"मी मालकाचं नाही सांगत. डब्यावरचं सांगते."

"डबा कुणाचा?"

इदालिनानं घडा उचलला. मागून एकीनं "डॉक्टरीणबाई, सांभाळून हो, पाण्यातही काही लिहिलं असेल" म्हटलं आणि हशा झाला. पण तो पूर्वीचा हशा नव्हता. पूर्वी त्या तिला आपली समजून चिडवायच्या.

घरी आईनं विचारलं, "मुकादमाला सांगितलंस?"

"सांगितलं. तो म्हणाला, तुला वाचायला ठेवलंय, मला ऐकवायला नाही."

"आणि मालकाच्या पुतण्याला? तो शिकलेला आहे म्हणे, शेतीचाच."

"त्यालाही सांगितलं. तो चांगलं बोलला. म्हणाला, अगदी बरोबर, डब्यावर पाटी लावा असं लिहिलंय ना, मग लावा पाटी."

आणि खरंच पाटी लागली. इदालिनानं फळीवर काळ्या रंगानं सुरेख अक्षरं काढली, दोना ओलिंपिया बाईंनी शिकवलेल्या वळणाची. 'विष. भाजी खुडू नये. जनावरे सोडू नयेत.' ती पिंपापाशी होती तेव्हा मुकादमानं जाऊन ओढ्याकाठच्या शेताच्या तोंडाशी पाटी ठोकली. उलटी ठोकली. त्याला तरी कुठे वाचता येत होतं? दोना ओलिंपिया बाई फिरायला गेल्या तेव्हा त्यांनी पाहिलं. हसावं की रडावं त्यांना कळेना. त्यांनी मुकादमाला सांगितलं, तर तो म्हणाला, "बाई, सुलटी असली तरी कोण वाचणार आहे?"

बायकांनी ती पाटी पाहिली आणि त्यांना तिचा अर्थ लगेच कळला. म्हणजे त्यांना वाटलं, कळला. काएताना मावशी कमरेवर हात ठेवून फळीसमोर उभी राहिली. "गेल्या वर्षी तोंडानं सांगितलं, या वर्षी लाकडावर लिहून सांगतोय. ओचा बंद. बघू कसा बंद करतो." त्या दिवसापासून बायका भाजी खुडायला मुद्दाम त्या पाटीखाली जायला लागल्या. ओढ्याकाठी रानचुका दाट यायचा. पानांवर पिवळे ठिपके असत. ओढ्यात धुतलं की जात.

आई आणि मी तिथून खुडत नव्हतो. वाटेकडेला, बांधावर जे मिळेल ते घ्यायचो. बायकांनी ते पाहिलं, पण आईला तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त गाताना रांगेत आमच्या बाजूच्या दोन जागा मोकळ्या राहू लागल्या. तीस वर्षं ज्यांच्या खांद्याला खांदा लावून काम केलं त्या बायका जरा लांब उभ्या राहतात, हे कसं असतं ते मी आईच्या तोंडावर पाहिलं. काही जणींना घाम फार यायचा, तहान फार लागायची. त्या म्हणायच्या, या वर्षी ऊन लवकर आलं.

एका दुपारी मुकादम आईजवळ आला. मी शेजारीच होते.

"जेर्त्रुदेस, तुझी पोरगी हुशार आहे. पण जीभ लांब आहे. बायका बिथरल्या आणि काटे उपटायला कुणी आलं नाही, तर मालक मला विचारतील आणि मी तिचं नाव सांगेन. कोठाराचं विसर मग. पुन्हा खुरपं."

"ती काही बोलणार नाही," आई म्हणाली.

"ती बोलेल. पण तू तिची आई आहेस."

एप्रिल संपता संपता खुरपणी संपली. हंगाम संपल्याच्या जेवणाला आमच्याकडे आदियाफा म्हणतात. द्राक्षांचा वेगळा, जैतुनांचा वेगळा. खुरपणीचा आदियाफा सगळ्यांत गरीब. मालक थोडे हरभरे आणि डुकराच्या चरबीचा एक तुकडा द्यायचा, भाजी आमची. सगळ्यांचे ओचे एकाच हंड्यात रिकामे व्हायचे आणि सगळ्या बायका त्याच हंड्यातलं खायच्या. आपल्यातले रुसवे, भांडणं, सगळं त्या हंड्यापाशी मिटायचं. त्यातलं न खाणं म्हणजे टोळीतून उठून जाणं. पहिलं ताट मुकादमाचं, असा मान होता.

त्या दिवशी काएताना मावशीनं सगळ्या बायकांना पाटीखाली नेलं आणि ओचे भरून आणले. ओढ्याकाठचं ते शेत आदल्याच पहाटे फवारलं होतं. ओकच्या झाडाखाली हंडा चढला. ऊन असं होतं की सावलीतही जमीन तापली होती. भाजीचा वास सुटला, लसणाचा, चरबीचा. आम्ही सगळ्या भुकेल्या होतो. मी खोटं कशाला सांगू, मलाही तोंडाला पाणी सुटलं होतं.

काएताना मावशीनं मुकादमाचं ताट भरायला पळी उचलली.

"माझं पोट आज बरं नाही," मुकादम म्हणाला. "आधी बायकांना वाढा."

तेवढ्यात इदालिना आली; मुकादमाचं बोलणं तिनं ऐकलं. स्वयंपाकीणबाईंनी तिला भाजी कुठून आणली ते सांगितलं होतं, आणि ती विहिरीपासून उन्हात धावत आली होती. रुमाल कुठेतरी पडलेला, घामानं केसांतला पिवळा रंग गालांवर ओघळलेला.

"खाऊ नका! कुणी खाऊ नका, ओता ते!"

ती हंड्याकडे धावली. दोघीतिघींनी तिला मनगटांना धरून मागे ओढलं.

"वर्षाचं एक जेवण," एक म्हणाली, "तेही हिला सोसवत नाही."

"मुकादमानं का नाही खाल्लं विचारा! विचारा त्याला!"

"माझं पोट बिघडलंय," मुकादम म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

काएताना मावशी पळी हातात धरून उभी होती. तिलाही शंका आली असावी, कारण ती ओरडली नाही. ती आईकडे वळली. "जेर्त्रुदेस, आपण एका वयाच्या. एका दिवशी खुरपं धरलं. या पोरीचं मी ऐकणार नाही, ती आता तिकडची आहे. पण तू आमची आहेस. तू सांग. तू म्हणालीस विष आहे, तर मी हा हंडा माझ्या हातानं ओढ्यात ओतीन आणि एक शब्द बोलणार नाही."

आईनं इदालिनाकडे पाहिलं. मग मुकादमाकडे. तो आता तिच्याकडेच बघत होता, आणि हळूच नाही म्हणून मान हलवत होता.

"आई, सांग ना," इदालिना म्हणाली. "तुला मी सांगितलंय. तुला माहीत आहे."

आई उठली, काएतानाच्या हातातली पळी घेतली, आपला वाडगा भरला आणि उभ्यानंच खाल्ला. सावकाश, शेवटपर्यंत. पावाच्या तुकड्यानं वाडगा पुसला.

"चांगली झालीय," ती म्हणाली. "मीठ कमी आहे."

त्यानंतर जे झालं ते फार पटकन झालं. इदालिनाच्या तोंडून एक आवाज निघाला, कळा आलेल्या बाईसारखा. तिनं हात हिसडले, तीनदगडी चुलीवरच्या हंड्याला लाथ मारली आणि हंडा कलंडला. हरभरे, पाला, चरबी, सगळं मातीत. बायका किंचाळल्या. काएताना मावशीनं तिच्या थोबाडीत मारली. एकीनं खाली वाकून हरभरे वेचायचं बघितलं, तर इदालिनानं ते पायानं मातीत तुडवले.

"पोरीला ऊन लागलंय," आई म्हणाली. "सोडा तिला."

"पिंपापाशी जा," मुकादम इदालिनाला म्हणाला. "काम संपलेलं नाही तुझं."

घरी येताना वाटेत मी आईला विचारलं, "तू इदालिनाचं खरं मानत नाहीस का?"

"मानते की. तिनं वाचलंय म्हणजे असेलच तसं."

"मग?"

"मी विष म्हटलं असतं तर उद्या ती माझ्याशेजारी खुरपं धरून असती. मग इतकी वर्षं कशासाठी काढली?" तिनं ओच्यातली माती झटकली. "आणि एका वाडग्यानं काय होतंय? धुतलेली होती, उकळलेली होती. इतके उपास पचवले ग, एक जेवण पचेल."

अंधार पडायच्या आत तिला तहान लागली. घडा संपला तरी तहान जाईना. घामानं चादर भिजली आणि चादरीवर फिकट पिवळा डाग उमटत गेला. मजा अशी की ती खुशीत होती. कधी नव्हे ती बोलत होती. परीक्षेच्या दिवसाचं, बुटातल्या चिंध्यांचं, परीक्षकानं इदालिनाला नद्यांची नावं कशी विचारली त्याचं. मी तालुक्याच्या डॉक्टरांकडे निरोप धाडला. ते दुसऱ्या दिवशी आले तोवर उशीर झाला होता. मरणाचं कारण त्यांनी हृदय म्हणून लिहिलं.

इदालिना सकाळी आली. आईचं अंग तव्यासारखं तापलं होतं. आईनं तिचे हात पाहिले आणि म्हणाली, "हात धुऊन घे नीट. आणि जरा झोप. तुला पहाटे उठायचं असतं." दुपारची घंटा व्हायच्या आधी आई गेली.

दफनाच्या दिवशी सगळ्या बायका आल्या. त्यांच्यातल्या एकीनंही तो हंडा चाखला नव्हता, म्हणून त्या सगळ्या तिथे होत्या. इदालिनाला कुणी हे म्हटलं नाही. काएताना मावशी रडत रडत तिच्यापाशी आली आणि म्हणाली, "तुला माहीत होतं ना? वाचता येत होतं ना तुला? मग हंडा आधी का नाही पाडलास?"

दोन दिवसांनी मुकादम दाराशी आला. उशिरा पेरलेला गहू फवारायचा राहिला होता. मला वाटलं, इदालिना त्याच्या तोंडावर थुंकेल. तिनं रुमाल बांधला.

"जातेस?" मी म्हटलं.

"आईनं ज्याच्यासाठी खाल्लं, ते टाकून देऊ?"

पुढच्या फेब्रुवारीत चौकात बायकांना कुणी बोलावलंच नाही. पंपवाले गडी निवडले गेले आणि मुकादम निघून गेला. त्या वर्षी आणलेल्या नव्या पुडीनं आता जाड काटेही जळत होते. बायका रविवारमागून रविवार रुमाल बांधून, खुरपी घेऊन चौकात येऊन उभ्या राहायच्या आणि घंटा झाली की परत जायच्या. गाणंही त्याच वर्षी बंद झालं. रांगच नाही तर गाणार कुठे? आणि एक एक करत आळीतल्या घरांनी मुली शाळेतून काढल्या. "अक्षरांनी जेर्त्रुदेसला खाल्लं," असं गाव म्हणायचं. दोना ओलिंपिया बाई घरोघरी गेल्या. म्हणाल्या, सगळ्यांना वाचता आलं असतं तर असं झालं नसतं. बायका ऐकून घ्यायच्या, बाईंना बसायला खुर्ची द्यायच्या, आणि मुलीला पाठवायच्या नाहीत.

दोना ओलिंपिया बाईंची पुढे बदली झाली. त्या शाळेत आता कुणाच्यातरी चाऱ्याच्या गासड्या ठेवतात.

मुकादम आनाक्लेतो म्हातारा होऊन आपल्या बिछान्यात मेला. शेवटची वर्षं तो चौकातल्या बाकावर बसलेला असायचा. मी जवळून गेले की हॅट काढायचा. मी कधी थांबले नाही.

काएताना मावशी मुलाकडे लिस्बनजवळच्या झोपड्यांत राहायला गेली. तिथं ती गात नसे असं तिची सून सांगायची.

इदालिनाला कोठारात कायमचं काम कधी मिळालं नाही. मालकाच्या पुतण्यानं बेजाहून एक माणूस आणला. तिनं आणखी दोन हंगाम पूड कालवली, मग फ्रान्सला निघून गेली. लियोंजवळ एका इस्पितळाच्या फरश्या पुसत तिनं जन्म काढला. तिच्याकडे राहून आलेले लोक सांगायचे, ती काही वाचत नाही. बसवरची पाटी वाचण्याऐवजी शेजारच्या माणसाला विचारते. त्यांना वाटायचं तिला येतच नाही.

मी गावातच राहिले. चौऱ्याहत्तर सालच्या क्रांतीनंतर लिस्बनहून विद्यार्थी आले, त्यांनी इस्टेटीच्या कोठारातच मोठ्यांचे वर्ग भरवले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मी वाचायला शिकले. पहिला सबंध परिच्छेद वाचता आला त्या दिवशी मी टपालात गेले आणि इदालिनाला फोन लावला. म्हटलं, "इदालिना, मला वाचता यायला लागलं ग."

फोन खरखरत होता, म्हणून मी तेच पुन्हा मोठ्यानं म्हटलं.

"कशाला ग?" ती म्हणाली.

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिला द्यायचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.